क्वेरी स्लो का होते? एडगर कॉड यांच्या आयुष्यातून समजून घेऊया

आज एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. पण सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो.

आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयासाठी मी फोनवर चालणारं एक छोटं ॲप बनवलं होतं. सभासदांची यादी, पुस्तकांची यादी आणि देवघेवीच्या नोंदी, एवढंच त्याचं काम. पहिले काही महिने मस्त चाललं. मग आम्ही जुन्या रजिस्टरमधल्या नोंदीही त्यात भरल्या. सभासद झाले ३,००० आणि देवघेवीच्या नोंदी ६०,०००. तिथून एक स्क्रीन अडायला लागली. प्रत्येक सभासदाने शेवटचं पुस्तक कधी नेलं, ती यादी दाखवणारी. बटण दाबलं की गोल चक्र फिरतच राहायचं, अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त.

शनिवारी संध्याकाळी काउंटरसमोर माणसं उभी आणि ग्रंथपाल काका फोनकडे बघत बसलेले. तिसऱ्या शनिवारी त्यांनी फोन बाजूला ठेवला, कपाटातून जुनं रजिस्टर काढलं आणि पेनने लिहायला सुरुवात केली. मला एका शब्दानेही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

मी दोष फोनला दिला. स्वस्तातला आहे, रॅम कमी आहे, नवा घ्यावा लागेल, असं मी समितीला सांगून टाकलं. वर्षभराच्या पुस्तकखरेदीसाठी ठेवलेल्या पैशांतून नवा फोन घ्यायचं जवळपास ठरलंही होतं. म्हणजे माझ्या चुकीची किंमत गावातली वाचणारी पोरं मोजणार होती.

फोनचा काहीच दोष नव्हता. माझ्या डेटाबेसमध्ये एक इंडेक्स नव्हता. आणि हा इंडेक्स म्हणजे नक्की काय, तो कोणाची जबाबदारी असतो, हे मला खरं कळलं ते १९७० सालचा एक लेख वाचल्यावर. लेखकाचं नाव मी परीक्षेसाठी पाठ केलेलं होतं: एडगर फ्रँक कॉड. कॉड यांचे बारा नियम, १० मार्कांसाठी. माणूस कोण होता, हे मात्र कधी बघितलंच नव्हतं.

समुद्रकाठचा मुलगा, विमानाचा पायलट

कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ चा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला डॉर्सेट परगण्यात पोर्टलंड नावाचं बेट आहे, तिथला. सात भावंडांत ते सगळ्यात धाकटे. वडिलांचा चामड्याचा व्यवसाय, आई शाळेत शिक्षिका. पूल गावच्या शाळेत शिकून ते शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजात गेले, तेही केमिस्ट्री शिकायला.

तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलेलं होतं. शिक्षण चालू असल्यामुळे कॉड यांना सैन्यात जाण्यातून सूट मिळू शकत होती. त्यांनी ती घेतली नाही. १९४२ मध्ये ते ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले आणि समुद्रावर गस्त घालणाऱ्या तुकडीत संडरलंड नावाची अवाढव्य सागरी विमानं चालवू लागले. युद्ध संपल्यावर ऑक्सफर्डला परतले, पण विषय बदलला. गणितात पदवी घेतली आणि १९४८ मध्ये अमेरिकेला, न्यूयॉर्कला गेले.

तिथे सुरुवातीला काय केलं असेल? मेसीज नावाच्या मोठ्या दुकानात पुरुषांच्या कपड्यांच्या विभागात सेल्समन! मग काही महिने टेनेसी विद्यापीठात गणित शिकवलं. १९४९ मध्ये आयबीएममध्ये प्रोग्रॅम लिहिणारे गणितज्ञ म्हणून लागले. त्यांच्या वाट्याला आलेलं यंत्र मॅडिसन ॲव्हेन्यूवरच्या इमारतीत तळमजल्यावर होतं आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांना काचेतून दिसायचं. आज तुमच्या खिशातला फोन त्याच्या कितीतरी पट वेगवान आहे. पण मोठं काम छोट्या यंत्राकडून कसं करून घ्यायचं, हा प्रश्न तेव्हाही तोच होता.

पटलं नाही तर उठून जाणारा माणूस

कॉड यांचा स्वभाव कळायला एक प्रसंग पुरे आहे. १९५० नंतरच्या त्या काळात अमेरिकेत सिनेटर मॅकार्थी यांनी कम्युनिस्ट शोधून काढण्याच्या नावाखाली लोकांच्या मागे चौकशीचा ससेमिरा लावला होता. कॉड यांना हे सहन झालं नाही. १९५३ मध्ये ते चांगली नोकरी सोडून कॅनडात ओटावाला निघून गेले. १९५७ मध्ये परत आले आणि पुन्हा आयबीएममध्येच रुजू झाले.

परतल्यावर त्यांनी स्ट्रेच नावाच्या मोठ्या संगणकावर काम केलं. एकाच यंत्रावर अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी कसे चालवायचे, हा तिथला त्यांचा विषय. आज तुम्ही गाणी ऐकत मेसेज टाईप करता ना, त्या कल्पनेचं हे बाळपण. मग चाळिशीच्या उंबरठ्यावर ते पुन्हा विद्यार्थी झाले! कंपनीच्या मदतीने मिशिगन विद्यापीठात, ॲन आर्बर शहरात शिकले आणि १९६५ मध्ये पीएचडी मिळवली. विषय होता स्वतःची नक्कल स्वतःच तयार करणारी गणिती यंत्रं. फॉन नॉयमन यांनी त्यासाठी २९ अवस्थांची रचना मांडली होती. कॉड यांनी तेच ८ अवस्थांत करून दाखवलं. गुंतागुंत कमी करून गाभ्याला हात घालायची त्यांची सवय इथेच दिसते.

त्यानंतर ते कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या आयबीएम संशोधन प्रयोगशाळेत आले. आणि इथून आपल्या विषयाला सुरुवात होते.

तेव्हा माहिती काढायची म्हणजे वाट पाठ हवी

१९६८ च्या आसपास मोठ्या कंपन्यांची माहिती संगणकात कशी ठेवलेली असायची? आयबीएमचंच आयएमएस नावाचं सॉफ्टवेअर तेव्हा नवं होतं. अपोलो चांद्रमोहिमेच्या रॉकेटच्या लाखो सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी त्याचा जन्म झाला. त्यात माहिती वंशवृक्षासारखी मांडलेली असायची. वर मूळ, खाली फांद्या, फांद्यांना आणखी फांद्या. दुसरा प्रकार चार्ल्स बॅकमन यांच्या कामातून आलेला. त्यात एका नोंदीकडून दुसरीकडे जाणारे दुवे असायचे, जाळ्यासारखे.

दोन्हींत एक गोष्ट सारखी होती. माहिती हवी असेल तर प्रोग्रॅमरला वाट माहीत असावी लागायची. आधी इथे जा, मग खालच्या फांदीवर उतर, मग पुढच्या नोंदीवर जा, संपली की परत वर ये. हे सगळं कोडमध्ये लिहायचं. एखाद्याचा पत्ता विचारावा आणि त्याऐवजी स्टँडपासूनचं प्रत्येक वळण स्वतःच पाठ करावं लागावं, तसं. आणि उद्या माहितीची मांडणी बदलली की जुन्या वाटेवर चालणारे सगळे प्रोग्रॅम कोलमडायचे. मग नवं काम बाजूला ठेवून प्रोग्रॅमर जुनं दुरुस्त करत बसायचे. साधा नवा प्रश्न विचारायचा, तरी त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लिहावा लागायचा.

कॉड गणिताचे. त्यांना हे बघवेना.

१९७० चा अकरा पानांचा लेख

१९६९ मध्ये त्यांनी आयबीएमच्या आतल्या अहवालात आपली कल्पना मांडली आणि जून १९७० मध्ये तिचं पुढचं रूप एका संगणकशास्त्राच्या मासिकात छापून आलं. पानं फक्त अकरा. त्यात म्हटलं होतं ते साध्या भाषेत असं: सगळी माहिती साध्या तक्त्यांमध्ये, म्हणजे टेबलांमध्ये मांडा. वापरणाऱ्याने फक्त काय हवं ते सांगावं. ते कुठून आणि कोणत्या वाटेने आणायचं, हे यंत्राने बघावं. टेबलासाठी त्यांनी गणितातला रिलेशन हा शब्द वापरला, म्हणून या पद्धतीला रिलेशनल म्हणतात.

लेखाच्या सुरुवातीलाच कॉड तीन दुखणी सांगतात. पहिलं दुखणं, नोंदी ज्या क्रमाने साठवल्यात त्या क्रमावर प्रोग्रॅम अवलंबून राहतात. तिसरं, ते वाटेवर अवलंबून राहतात. हे पटवायला त्यांनी सुटे भाग आणि प्रकल्प असं साधं उदाहरण घेतलं, तीच माहिती मांडायचे पाच प्रकार दाखवले, आणि एका प्रकारासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर कसा फसतो ते सांगितलं.

आणि मधलं, दुसरं दुखणं म्हणजे इंडेक्स! हा भाग वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो.

कॉड यांचं म्हणणं थोडक्यात असं. माहितीच्या दृष्टीने बघितलं तर इंडेक्स फालतू आहे, कारण त्यात नवीन काहीच नसतं. टेबलात आहे तेच तो वेगळ्या क्रमाने पुन्हा सांगतो. तो असतो फक्त वेगासाठी. त्याने शोधणं झपाट्याने होतं, पण नवी नोंद घालणं आणि जुनी काढणं मंदावतं, कारण दर वेळी इंडेक्सही दुरुस्त करावा लागतो. म्हणून गरजेप्रमाणे इंडेक्स बनवता यावेत, नको झाले तर मोडता यावेत, आणि हे करताना एकाही प्रोग्रॅमला धक्का लागू नये.

वाचनालयाचंच उदाहरण घ्या. पुस्तकं कपाटात दाखल क्रमांकाने लावलेली असतात. लेखकाच्या नावाने पुस्तक शोधायचं तर कार्डांचे खण असतात. कार्डांचे सगळे खण उद्या जाळले तरी एकही पुस्तक कमी होणार नाही. फक्त प्रत्येक पुस्तक शोधायला सगळी कपाटं पालथी घालावी लागतील. आणि नवं पुस्तक आलं की कार्डही लिहावं लागतं. विषयाचं वेगळं, लेखकाचं वेगळं. इंडेक्स म्हणजे हेच.

स्वतःच्याच कंपनीशी भांडण

आता वाटेल की आयबीएमने कॉड यांना डोक्यावर घेतलं असेल. नाही! आयएमएस कंपनीला भरपूर पैसा मिळवून देत होतं. आपल्याच चालत्या दुकानासमोर दुसरं दुकान कोण थाटेल? कॉड मात्र गप्प बसणारे नव्हते. ते लिहीत राहिले, ग्राहकांना थेट सांगत राहिले.

१९७३ मध्ये बॅकमन यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आणि १९७४ मध्ये एका परिषदेत कॉड आणि बॅकमन यांच्या दोन विचारांचा जाहीर वाद झाला. ठिकाण होतं ॲन आर्बर, जिथे कॉड यांनी पीएचडी केली तेच शहर. दुसऱ्या बाजूचा मुख्य आक्षेप रास्त होता: दिसायला छान आहे, पण चालेल का? वाट जर माणसाने सांगायची नाही, तर यंत्र ती शोधणार कशी? आणि शोधली तरी ती जवळची असेल कशावरून?

मित्रांनो, हा आक्षेप नीट लक्षात ठेवा. आपली प्रत्येक स्लो क्वेरी म्हणजे हाच आक्षेप असतो.

यंत्र वाट कशी शोधतं?

उत्तर कॉड यांनी एकट्याने दिलं नाही. सॅन होजेच्याच प्रयोगशाळेत सिस्टीम आर नावाचा प्रयोग सुरू झाला. तिथे डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये जी भाषा मांडली, तीच आजची एसक्यूएल. वाट निवडण्याचं काम पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी केलं. त्यांचा १९७९ चा लेख आजही डेटाबेसवाल्यांना वाचायला लावतात. त्यातली कल्पना अशी: एका प्रश्नाच्या उत्तराला अनेक वाटा असतात. प्रत्येक वाटेचा अंदाजे खर्च काढायचा आणि स्वस्तातली घ्यायची. टेबलात किती नोंदी आहेत, कोणत्या कॉलमवर इंडेक्स आहे, त्यात वेगवेगळ्या किमती किती, या आकड्यांवरून हा अंदाज बांधतात. हे काम करणाऱ्या भागाला ऑप्टिमायझर म्हणतात.

आणि इंडेक्स आतून कसा असतो? बहुतेक ठिकाणी बी-ट्री. बोइंग कंपनीच्या संशोधन विभागात रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी ही रचना केली, तीही १९७० मध्येच. समजा एका पानावर १०० नोंदींचे दुवे मावतात. तर तीन पायऱ्या उतरल्या की १०० गुणिले १०० गुणिले १००, म्हणजे १० लाख नोंदींपैकी हवी ती सापडते. तीन पानं उलटून! इंडेक्स नसेल तर यंत्र पहिल्या नोंदीपासून शेवटपर्यंत सगळं वाचतं. याला फुल टेबल स्कॅन म्हणतात.

पुढचं भराभर सांगतो. आयबीएमचे छापलेले लेख वाचून लॅरी एलिसन आणि त्यांच्या साथीदारांनी १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आणलं, म्हणजे घरच्या कल्पनेवर बाहेरच्यांनी आधी दुकान मांडलं. आयबीएमचं डीबी२ आलं १९८३ मध्ये. कॉड यांना त्याआधी, १९८१ मध्ये, ट्युरिंग पुरस्कार मिळाला होता.

माझ्या वाचनालयात परत

आता बघा, माझी चूक कुठे होती. मी एसक्यूएलमध्ये प्रश्न बरोबर विचारला होता. उत्तरही बरोबर येत होतं. त्यामुळे मी कोडकडे संशयाने बघितलंच नाही. कॉड यांनी आपल्याला वाट विसरायची मुभा दिली, आणि मी वाट असते हेच विसरून गेलो.

ॲपमध्ये एसक्यूलाइट हा डेटाबेस होता. तुमच्या अँड्रॉइड फोनमधले कॉन्टॅक्ट आणि मेसेजही त्यातच साठवलेले असतात. त्यात आपल्या क्वेरीच्या आधी एक्सप्लेन क्वेरी प्लॅन हे शब्द लावले की क्वेरी न चालवता तो फक्त वाट सांगतो. मी ते लावलं. उत्तरात सभासद टेबलापुढे लिहिलं होतं स्कॅन. ते ठीक, सगळे सभासद हवेच होते. पण खाली, आतल्या क्वेरीत, देवघेव टेबलापुढेही लिहिलं होतं स्कॅन.

म्हणजे काय चाललं होतं? एक सभासद घ्यायचा आणि त्याची शेवटची तारीख काढायला देवघेवीच्या ६०,००० नोंदी पहिल्यापासून वाचायच्या. मग दुसरा सभासद, पुन्हा ६०,०००. एकूण ३,००० गुणिले ६०,०००, म्हणजे १८ कोटी नोंदी! तो बिचारा फोन अर्ध्या मिनिटात एवढं वाचत होता, आणि मी त्यालाच भंगारात काढायला निघालो होतो.

कारण साधं होतं. टेबलाच्या मुख्य क्रमांकावर, म्हणजे प्रायमरी कीवर, इंडेक्स आपोआप असतो. पण देवघेव टेबलात सभासद क्रमांक हा दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणारा कॉलम आहे, म्हणजे फॉरेन की. एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेएसक्यूएल त्यावर स्वतःहून इंडेक्स बनवत नाहीत. तो आपण बनवायचा असतो.

मी सभासद क्रमांक आणि तारीख अशा दोन कॉलमांचा एक इंडेक्स बनवला. एका ओळीचं काम. आता एका सभासदाच्या सगळ्या नोंदी इंडेक्समध्ये शेजारी शेजारी, तारखेच्या क्रमाने. शेवटची तारीख हवी तर त्या गटाच्या टोकाला जायचं, बस. पुन्हा वाट विचारली तर स्कॅनच्या जागी सर्च आणि इंडेक्सचं नाव आलं. यादी बोट उचलायच्या आत समोर!

आणि यातली खरी गंमत ही, की ॲपच्या कोडमध्ये मी एक अक्षरही बदललं नाही. प्रश्न तोच, उत्तर तेच, फक्त वाट बदलली. कॉड यांनी १९७० मध्ये नेमकं हेच मागितलं होतं.

उत्साहात मी पुढे आणखी एक चूक केली. दिसेल त्या कॉलमवर इंडेक्स टाकले. मग जुन्या रजिस्टरची पुढची खेप भरताना ते काम रेंगाळायला लागलं आणि फाईलही फुगली. प्रत्येक नोंदीमागे यंत्र सात-आठ ठिकाणी कार्डं लिहीत होतं. कॉड यांचा दुसरा अर्धा इशारा मी वाचून सोडून दिला होता. नको ते इंडेक्स काढले, तेव्हा गाडी रुळावर आली.

इंडेक्स आहे, तरी क्वेरी स्लो?

हा प्रश्न खूप जण विचारतात. तेव्हा ही यादी तपासा:

१. आधी वाट बघा, मग अंदाज बांधा. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये क्वेरीच्या आधी एक्सप्लेन लावा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये एक्सप्लेन ॲनालाइज लावलं तर खरा वेळही कळतो, पण सावधान, तो क्वेरी खरोखर चालवतो. डिलीटला लावलं तर नोंदी खरंच उडतील!

२. कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळलंय का? तारखेवर इंडेक्स आहे, पण तुम्ही तारखेतून वर्ष काढून ते २०२३ आहे का असं विचारलं, तर तो इंडेक्स सहसा कामी येत नाही, कारण त्यात तारखा आहेत, वर्षं नाहीत. त्याऐवजी १ जानेवारी २०२३ पासून १ जानेवारी २०२४ च्या आधीपर्यंत, असं विचारा.

३. शब्दाच्या मधलं शोधताय का? ज्या नावांच्या शेवटी कर येतं ती सगळी द्या, असं म्हटलं तर अक्षरक्रमाने लावलेली यादी काय मदत करणार? सगळी वाचावीच लागते.

४. दोन कॉलमांच्या इंडेक्समध्ये क्रम बघा. आडनाव आणि मग नाव असा इंडेक्स असेल, तर फक्त नावावरून शोधताना तो सहसा उपयोगी पडत नाही. टेलिफोन डिरेक्टरीतून सगळे सचिन शोधून बघा, कळेल.

५. खूपच नोंदी मागताय का? पुस्तकाच्या मागच्या सूचीत आणि हा शब्द कधी नसतो, कारण तो प्रत्येक पानावर आहे. तसंच, बहुतेक सगळ्या नोंदी लागणार असतील तर सरळ स्कॅनच स्वस्त पडतो. छोट्या टेबलाचंही तेच. स्कॅन दिसला म्हणजे चूकच, असं नाही.

६. ऑप्टिमायझरचे आकडे जुने झालेत का? त्याला वाटतंय नोंदी ५०० आहेत आणि प्रत्यक्षात ५ लाख झाल्यात, तर तो चुकीची वाट धरतो. ॲनालाइज चालवून आकडे ताजे करा.

शेवटची वर्षं

कॉड शेवटपर्यंत समाधानी नव्हते. एसक्यूएल त्यांच्या गणितापासून भरकटलं, असं त्यांचं मत होतं. एकाच टेबलात तंतोतंत सारख्या दोन ओळी चालतात, हे त्यांना अजिबात मंजूर नव्हतं. १९८४ मध्ये आयबीएम सोडल्यावर त्यांनी ख्रिस डेट यांच्याबरोबर सल्लागार कंपनी काढली. तोवर रिलेशनल हा शब्द इतका चालला होता की जुनंच सॉफ्टवेअर नवं लेबल लावून विकलं जाऊ लागलं. त्या भेसळीवर चिडून त्यांनी १९८५ मध्ये ते प्रसिद्ध बारा नियम छापले. मोजायला शून्यापासून सुरुवात केली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात ते तेरा आहेत. हे मला परीक्षेत कोणी सांगितलं नव्हतं! त्यातला आठवा नियम वाचा: माहिती आत कशीही साठवा, तिच्यापर्यंत जाण्याची पद्धत कितीही बदला, वरच्या प्रोग्रॅमला धक्का लागता कामा नये. म्हणजे पंधरा वर्षांनी पुन्हा तीच मागणी.

१८ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेत फ्लोरिडामध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्यांचं हृदयविकाराने निधन झालं. डेटाबेस संशोधनातला एक मोठा पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो.

आमच्या वाचनालयात नवा फोन आला नाही. त्या पैशांची पुस्तकंच आली आणि त्यांच्या नोंदी काकांनी त्याच जुन्या फोनवर केल्या. रजिस्टर मात्र त्यांनी कपाटात न ठेवता टेबलाच्या खणात ठेवलंय, हाताशी. मी काही बोललो नाही. तेवढा हक्क त्यांना आहे.

तुमच्या ॲपमध्ये किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये एखादी क्वेरी अडत असेल, तर नवा फोन किंवा मोठा सर्व्हर मागण्याआधी तिच्यापुढे एक्सप्लेन लिहून बघा आणि वाट कुठून जाते ते वाचा. पुढच्या भागात पोस्टग्रेएसक्यूएलचा प्लॅन ओळीओळीने कसा वाचायचा ते बघूया. भेटू!